कसब्यांतील परस

पुण्याचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा वाड्याच्या दिंडीदरवाजानें आंत शिरतो. दरवाजावरील नगारखाना, आंतील चौक, दिवाणखान्याचे सुरूदार खांब, हें सर्व पाहून झालें म्हणजे तो त्याच दरवाजानें बाहेर पडतो आणि त्याचा इतिहास तेथें संपतो. मागील दार उघडून परसांत जाण्याची कोणास आठवण होत नाहीं. वस्तुतः वाड्यांतील माणसांचा दिवस उजाडे तो या मागील दारीं. पहाटे आडावरचा रहाट वाजे तो तेथें, देवपूजेचीं फुलें वेंचलीं जात तीं तेथें, आमटींत टाकावयाचा कढीलिंब तोडला जाई तो तेथें, आणि दुपारचीं भांडीं घासून झाल्यावर घरांतील बायका घटकाभर टेकत त्याहि तेथेंच. प्रस्तुत लेखांत आम्ही कसबा पेठेंतील या परसांची हकीकत वाचकांपुढें मांडणार आहों. ती मांडतांना पुण्याच्या नामांकित बागांचाहि उल्लेख ओघानेंच येईल. कारण त्या बागांचें पुढें काय झालें हें पाहिल्यावांचून परसाची योग्यता लक्षांत यावयाची नाहीं.

कसबा म्हणजे परगण्याचें मुख्य ठिकाण. पुण्याच्या बाकीच्या पेठा वसण्यापूर्वीं मुठेच्या उजव्या तीरावर जें 'कसबे पुणें' होतें, तेंच आजच्या कसबा पेठेचें मूळ. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें हा गांव उद्ध्वस्त केला, त्यावर गाढवांचा नांगर फिरविला, आणि येथें पुन्हां कोणीं वस्ती करूं नये म्हणून जमिनींत लोखंडी पहार ठोकविली, असें परंपरा सांगते. पुढें शहाजीराजांच्या जहागिरीची व्यवस्था पाहाण्यास दादोजी कोंडदेव आले, जिजाबाई बालशिवाजीसह येथें राहूं लागल्या, तेव्हां त्या शापित भूमींत सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरविण्यांत आला, असेंहि तीच परंपरा सांगते. कसब्याच्या गणपतीचें देऊळ आणि लाल महाल हीं त्याच काळचीं. फाळ खरोखर सोन्याचा होता कीं काय, हा वाद इतिहाससंशोधकांनीं घालावा. आम्हांस त्या कथेंतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, उजाड गांव पुन्हां वसवितांना लोकांना भूमीवरची शपथ सोडवावी लागली, आणि ती त्यांनीं नांगरानें सोडविली. कसब्याच्या दुसऱ्या जन्माचा आरंभ जमीन उकरण्यापासून झाला आहे.

झाडाविषयींची आस्था त्या काळच्या कारभारांतहि दिसते. शिवापूरच्या बागेंतील आंबा आपल्याच हुकुमाविरुद्ध आपल्या हातून तोडला गेला, म्हणून दादोजी तो हात कापून टाकावयास निघाले, आणि लोकांनीं आवरल्यावर त्या हाताची बाही आंखूड घालूं लागले, ही आख्यायिका आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत ऐकलेली असेल. ती आख्यायिकाच आहे. परंतु रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ सालीं लिहिलेलें आज्ञापत्र आख्यायिका नव्हे. त्यांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयीं जे नियम सांगितले आहेत, त्यांत आंबा व फणस यांच्या झाडांस हात लावूं देऊं नये असा कटाक्ष आहे; कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं गेल्यावर तिच्या दुःखास पारावार राहात नाहीं. राज्याचा अमात्य गलबतांच्या गोष्टी बोलतां बोलतां रयतेच्या घराशेजारच्या झाडाकडे वळतो, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

पेशवाईंत पुणें वाढलें तशा पुण्याच्या बागाहि वाढल्या. हिराबाग, सारसबाग, मोतीबाग, माणिकबाग, रमणबाग, विश्रामबाग, तुळशीबाग, बेलबाग, अशी नामावळी पुणेकरांच्या तोंडपाठ आहे. आतां या नामावळींतील एकेका बागेच्या शोधास निघावें. तुळशीबागेंत खरोखर तुळशीची बाग होती. नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ सालीं त्या जागेवर राममंदिराचें काम आरंभिलें, आणि पुढें खिऱ्यांचें घराणेंहि तुळशीबागवाले या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. आज त्या नांवाबरोबर पुण्याच्या बायकांस तुळस आठवत नाहीं. भांडीं, बांगड्या, देवाच्या मूर्ति आणि भातुकलीचे डबे आठवतात. बेलबागेंत नाना फडणिसांनीं बांधलेलें विष्णूचें देऊळ आहे, बेलाचें बन नाहीं. विश्रामबाग हें दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्याचें नांव होऊन बसलें आहे आणि रमणबाग हें शाळेचें. सारसबाग तेवढी आज खरोखर बाग आहे. पण तिची गंमत अशी कीं, पेशवाईंत त्या ठिकाणीं तळें होतें, आणि १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या वेळीं तेथें स्थापिलेला गणपति अद्यापि तळ्यांतला गणपति म्हणूनच ओळखला जातो. बाग होती तेथें बाजार झाला आणि तळें होतें तेथें बाग झाली. शहराच्या वाढीचा हा क्रम कोणाच्या मर्जीनें ठरत नाहीं.

या बागा कां टिकल्या नाहींत, याचें पहिलें कारण पाणी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला दगडी बांध घालून आंबील ओढ्याचें पाणी अडविण्यांत आलें आणि तें जमिनीखालून बांधीव नळानें शहरांत आणलें. नळांत हवा खेळावी व माणसास उतरून गाळ काढतां यावा, म्हणून मधून मधून उच्छ्वास ठेविले होते. हें पाणी शहरांतील ठिकठिकाणच्या हौदांत पडे आणि तेथून घागरींनीं घरोघर जाई. हौद बहुतेक गेले, पण नांवें मागें राहिलीं आहेत. फडके हौद हें नांव टपालाच्या पत्त्यांत आहे, आणि कसब्यांतील साततोटी चौकाच्या नांवांत सात तोट्या अजून वाहात आहेत. कसब्याला लागून असलेल्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं. त्या पहिल्या इमारतीस १६,११० रुपये लागले. पुढें त्यांत बागा झाल्या, हौद झाले, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें हजारी कारंजें झालें. पण कारंजें उडावयाचें तर कोसांवरून पाणी यावें लागतें, आणि तें पाणी यावयाचें तर नळ राखणारीं माणसें, माळी, मोतद्दार आणि त्या सर्वांचें वेतन देणारी दौलत उभी असावी लागते. १८१८ सालीं दौलत बुडाली. १८२८ सालीं वाड्यास आग लागून तो आंतून जळून गेला. धनी गेल्यावर माळी गेला, आणि माळी गेल्यावर बाग राहात नाहीं. आज तटाच्या आंत जी हिरवळ दिसते, ती अलीकडच्या काळांत मुद्दाम राखलेली आहे.

त्याच तटापासून हाकेच्या अंतरावर कसब्यांत जीं परसें होतीं, त्यांना मात्र या उलाढालीचा धक्का सहसा लागला नाहीं. पेशवाई होती तेव्हां परसांत अळू होतें, पेशवाई गेली तेव्हांहि अळू होतें. याचें रहस्य वाड्याच्या मांडणींत आहे. पुढें ओटी, मग चौक व त्यांत तुळशीवृंदावन, त्याच्या आंत माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर, आणि सर्वांच्या मागें न्हाणीघर, आड व परस. परसाची जागा फार तर एखाद्या खोलीएवढी. आडांतून शेंदलेलें पाणी प्रथम माणसाच्या अंगावर पडे, तेथून न्हाणीच्या मोरीवाटे केळीच्या आळ्यांत जाई, आणि केळींतून ओसंडलेलें अळवांत जिरे. तांदळाचें धुवण तुळशीस, भांडीं घासलेली राख कर्दळीच्या मुळाशीं, आणि गोठा असेल तर त्याचें शेण अर्थातच सर्वांस. अळवाचें फदफदें आणि तें वाढावयाचें केळीचें पान हीं दोन्ही एकाच मोरीच्या पाण्यावर वाढत. परसासाठीं म्हणून वेगळें पाणी कधीं काढावें लागलें नाहीं, माळी ठेवावा लागला नाहीं आणि पैसाहि खर्चावा लागला नाहीं. उपयोग करून उरलेल्या पाण्यावर तें जगत असे, म्हणून घरांत माणसें आंघोळ करीत तोंवर त्याला मरण नव्हतें.

दुसरें कारण देवघर. बागेंत फूल असतें तें पाहावयासाठीं. परसांतील फूल रोज सकाळीं लागतें, आणि रोज लागणाऱ्या वस्तूचा विसर पडत नाहीं. विष्णूला तुळस, शंकराला बेल व कण्हेर, गणपतीला दूर्वा व तांबडी जास्वंद, देवीला कुंकवासारखीं फुलें, असा घरोघरीं दंडक. भाद्रपदांत तर परसाची परीक्षाच असे. हरतालिकेला आणि गणेशचतुर्थीला पत्री पाहिजे, आणि तीहि एकवीस प्रकारची. बेल, आघाडा, शमी, माका, रुई, डोर्ली, धोतरा, मरवा, बोर, डाळिंब, हादगा, जाई, हीं सगळीं एका परसांत कधींच नसत. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मुलींना पाट्या देऊन शेजारीं पाठवीत, आणि आपल्या घरचा बेल देऊन शेजारची शमी आणीत. कसब्याचा गणपति तर पुण्याचें ग्रामदैवत, आणि १८९३ पासूनच्या सार्वजनिक उत्सवांत मानाचा पहिला. त्याच्या पेठेंत पत्रीची टंचाई होऊं देणें कोणत्याहि गृहिणीस कमीपणाचें वाटलें असतें.

या निमित्तानें मुलींना वनस्पतींची जी ओळख होई, ती आम्हांस कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां पक्की वाटते. आघाड्याचा तुरा परकराला उलटा चिकटतो, माक्याचा रस बोटांवर काळा होतो, मरव्याचें पान चुरडल्याशिवाय वास देत नाहीं, रुईच्या चिकापासून डोळे जपावे लागतात, हें सारें त्या दहा वर्षांच्या आंत शिकत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत शास्त्रीय नांवांबरोबर देशी नांवेंहि दिलीं. ग्रंथकर्त्याचा गौरव योग्यच आहे. परंतु तीं देशी नांवें शेंकडों वर्षें तोंडांत खेळवून जिवंत ठेवणाऱ्यांत परसांतील आज्यांचा वांटा केवढा, याचा हिशेब कोणींहि मांडलेला नाहीं. सरदारांच्या बागांची दफ्तरें आहेत. या बायकांनीं लावलेल्या झाडांची नोंद कोणत्याहि रुमालांत बांधलेली नाहीं.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. परस म्हटलें म्हणजे तें सनातन, त्यांतील प्रत्येक झाड ऋषिमुनींच्या काळापासून आपल्याकडे असलेलें, अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. दसऱ्याला ज्याचें तोरण दाराला लावल्यावांचून आपल्याला सण वाटत नाहीं, तो झेंडू मेक्सिकोकडचा. वेणींत माळावयाचा निशिगंध तिकडचाच. तिन्हीसांजेला परसाच्या कडेनें उमलणारी गुलबक्षी अमेरिकेची, कर्दळ अमेरिकेची, शंकराला वाहावयाची पिवळी कण्हेर अमेरिकेची, आणि देवळाच्या आवारांत उभा असल्यामुळें ज्याला आपण देवचाफा म्हणतों तोहि अमेरिकेचाच. पेरूनें तर आपल्या देशाचें नांवहि लपविलेलें नाहीं. मिरची, पपई आणि सीताफळ यांची गोष्ट वेगळी नाहीं. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, त्यानंतर त्यांच्या गलबतांतून यांतलीं अनेक झाडें पश्चिम किनाऱ्यावर उतरलीं आणि हळूहळू घाट चढून वर आलीं. शिवाजीमहाराजांच्या बालपणीं कसब्यांत जीं परसें असतील, त्यांत यांतलें कोणतें झाड पोहोंचलें होतें आणि कोणतें वाटेंत होतें, हा मोठा मौजेचा प्रश्न आहे.

या पाहुण्यांना आपल्या घरांत कसें घेतलें गेलें, याचा विचार केला म्हणजे मन चकित होतें. समुद्रपर्यटन केलेल्या माणसाला ज्या काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्या काळीं समुद्र ओलांडून आलेल्या झेंडूला कोणीं प्रायश्चित्त दिलें नाहीं. त्याला सरळ देवाच्या गळ्यांत घातलें. फूल लाल आहे कीं पिवळें, पावसांत टिकतें कीं नाहीं, बीं सहज रुजतें कीं नाहीं, एवढेंच गृहिणीनें पाहिलें. इतिहासाच्या अभ्यासकास यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. आज जें आपलें म्हणून आपण कवटाळतों, त्यांतील किती तरी कोणी तरी एकदां परकें म्हणून हातीं घेतलें होतें आणि पाणी घालून आपलें केलें होतें. त्याच्या उलट, पारिजातक हा या देशाच्या डोंगरांतला खरा रहिवासी. पण आज कसब्यांत झेंडू सहज मिळेल, पारिजातक शोधावा लागेल. मुळाचें ठिकाण कोठलें, यापेक्षां मुळाला माती कोण देतो, यावर झाडाचें आपलेपण अधिक अवलंबून असतें.

परसाचे खरे मालक माणसांखेरीज आणखीहि होते. कढीलिंबाच्या कोंवळ्या पानांवर फुलपांखरें अंडीं घालीत. त्यांतून निघालेली अळी प्रथम पांखराच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी दिसते, म्हणून पांखरें तिच्या वाटेस जात नाहींत. मोठी झाली म्हणजे ती अगदीं पानाच्या रंगाची होते. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं जें 'नीलवंत' फुलपांखरू राज्याचें मानचिन्ह म्हणून ठरविलें, त्याच्या अळ्याहि लिंबाच्या वर्गांतील झाडांवर पोसतात. आमच्या घरच्या वडील बायकांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण "झाड तिचंहि आहे, दोन डहाळ्या तिला ठेवा," असें म्हणून त्या अळी लागलेली फांदी वगळून पाला तोडीत. शिंपी पक्षी जास्वंदीचीं पानें कोळिष्टकाच्या व कापसाच्या धाग्यानें शिवून त्यांत घरटें करी. जाईच्या वेलाला लोंबणारी चिंध्यांसारखी पिशवी सूर्यपक्ष्याची आहे, हें कळेपर्यंत कित्येक नव्या सुना ती केरसुणीनें झाडून टाकावयास निघत आणि सासूचा शब्द खात. आडाच्या भिंतींतून पारवे घुमत. पहाटे दयाळ बोले, तो घरांतील घड्याळापेक्षां आधीं. वाड्याच्या चार भिंतींत बायकांचें जें आयुष्य गेलें, त्यांत बाहेरचें जग एवढेंच होतें, आणि तें लहान होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

परसाला लागणारी हत्यारेंहि पेठेबाहेरून आणावीं लागत नसत. कुंभारवाड्यांतून कुंडी व माठ यावे. तांबट आळींतून मठारलेली घागर व तांब्या यावा. त्या आळीची ठोक्यांची लय दुपारच्या वेळीं परसांतहि ऐकूं येई. बुरडाकडून पाटी आणि फुलांची परडी यावी. आणि रोप? रोप विकत घेण्याची चालच नव्हती. मोगऱ्याची फांदी, केळीचा पासंबा, अळवाचा कांदा, अनंताचें दाबकलम, हें सर्व एका परसांतून दुसऱ्या परसांत पदराखालून जाई. मुलगी सासरीं निघाली म्हणजे तिच्या सामानांत एखादें मुळकें ओल्या फडक्यांत गुंडाळलेलें असावयाचेंच. परस टिकलें याचें तिसरें कारण हें. बाग एका जागीं असते, ती मोडली कीं संपते; परस घरोघर वांटलेलें असे, म्हणून एका घरचें वाळलें तरी दुसऱ्या घरून तें पुन्हां येई.

मग आज कसब्यांत परसें कां दिसत नाहींत? याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटास खडकवासल्याचें पाणी शहरांत आलें, त्यामुळें घागरींचे कष्ट वांचले. पण पुढें मोऱ्यांचें पाणी गटारांत गेलें आणि केळी कोरड्या पडल्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें भाडेकरूंस आसरा दिला, ही गोष्ट न्यायाचीच होती. परंतु गोठलेल्या भाड्यांत मालकास वाड्याची डागडुजी परवडेना, आणि वाढत्या बिऱ्हाडांसाठीं परसांत पत्र्याच्या खोल्या उठल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरून मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे बसले, आणि आड गाळानें भरले. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत उरलेल्या वाड्यांच्या जागीं मजलेदार इमारती झाल्या, आणि परसाची जागा वाहनें ठेवण्याकरितां फरशीखालीं गेली. कुंभारांचीं पुष्कळ घरें पेठ सोडून मुंढव्याच्या केशवनगरला जाऊन राहिलीं. २०२४ च्या सप्टेंबरांत कसब्याच्या पोटांतून भुयारी रेल्वे धावूं लागली. जेथें एके काळीं जमिनीखालून कात्रजचें पाणी येई, तेथें आतां जमिनीखालून माणसें येतात. यांत कोणाला दोष द्यावा? ज्यांनीं गळक्या छपराखालीं, सामाईक शौचकूपाच्या रांगेंत आयुष्य काढलें, त्यांना पक्कें घर नको असें म्हणण्याचा अधिकार परसाच्या आठवणी काढणाऱ्यांस नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतों. वाडा पाडावयाचा ठरला, कागद झाले, बिऱ्हाडें हलविण्याचा दिवस ठरला. परसांत एक जुना पारिजातक होता. घरांतील आजीबाईंनीं कशालाच हरकत घेतली नाहीं. एवढेंच विचारलें कीं, कार्तिक संपेपर्यंत थांबतां येईल का. थांबणें शक्य नव्हतें. तेव्हां त्या शेवटच्या आठवड्यांत रोज पहाटे त्या झाडाखालीं जात. जमिनीवर पडलेलें फूल देवाला चालत नाहीं. पारिजातकाचें मात्र चालतें, कारण तें रात्रीं उमलून पहाटे आपण होऊनच खालीं येतें. त्यांनीं फुलें वेंचलीं, आणि त्यांच्याबरोबर वाळलेल्या चपट्या शेंगाहि वेंचून पदराच्या गांठीला बांधल्या. दोन वर्षें भाड्याच्या जागेंत त्या बिया औषधाच्या बाटलींत होत्या. नवीन इमारतींत राहावयास आल्यावर त्यांनीं गच्चीवर एका फुटक्या पिंपांत त्या पेरल्या. पुष्कळ कुजल्या, एक उगवली. फुलें येईपर्यंत आजीबाई राहिल्या नाहींत. आतां त्या झाडाखालीं माती नाहीं, सिमेंट आहे, आणि पहाटे त्यावर पडणारीं फुलें त्यांची नातसून परडींत भरते. ती मुलगी नोकरी करते आणि रोज पूजा करीत नाहीं. पण फुलें पायाखालीं येऊं देत नाहीं.

कसब्यांतून आज कोणी मान वर करून चालला, तर त्याला खिडक्यांच्या गजांत तुळस दिसेल, रंगाच्या डब्यांत कढीलिंब दिसेल, गच्चीच्या कठड्यावर गुलबक्षी दिसेल. हें पूर्वीच्या परसाच्या शतांशहि नाहीं, हें आम्ही जाणतों. केळीला पिंप पुरत नाहीं, दयाळाला घरटें करावयास कठडा पुरत नाहीं, आणि मोरीचें पाणी गच्चीवर चढत नाहीं. जें गेलें तें फार मोठें होतें. तरीहि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यांच्यासाठीं कोसांवरून नळ आणले, ज्यांच्या नांवानें वाडे ओळखले गेले, त्या बागांतील एकहि रोप आज कोणास दाखवितां येणार नाहीं. ज्यांना नांव नव्हतें, ज्यांची नोंद नव्हती, त्या परसांतील झाडांचे वंशज मात्र तिसऱ्या मजल्यावर पाणी पीत आहेत.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अद्यापि एखादी वृद्ध बाई आहे, त्यांना आमची विनंती आहे. तिच्या परसांत कोणकोणतीं झाडें होतीं, कोणतें कोणाच्या घरून आलें होतें, कोणत्याचा कशास उपयोग करीत, हें तिला विचारून एका वहींत उतरून घ्यावें. राजवाड्यांची दफ्तरें लिहावयास कारकून होते. परसाचें दफ्तर आपणच लिहिलें पाहिजे. आणि लिहून झाल्यावर त्या यादींतील एखादें झाड, जागा कितीहि लहान असो, लावून पाहावें. कुंडी अजून कुंभारवाड्यांत मिळते, आणि फांदी मागितल्यास शेजारीण नाहीं म्हणत नाहीं.